अण्णांनी कंकालेश्वर नगरला नेला

पुण्याला निघालो त्या सकाळी अण्णांनी रिक्षा एसटी स्टँडकडं नेलीच नाही. मागं माझी बॅग, गादीची वळकटी, आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि गाडीला जेमतेम पाऊण तास. अण्णा म्हणजे माझे वडील, तीस वर्षं बीडमध्ये रिक्षा चालवतात. त्यांनी रिक्षा थेट कंकालेश्वराच्या काठाला आणून उभी केली आणि म्हणाले, "बघून जा."

मी म्हणालो, अण्णा, शंभरदा बघितलंय.

"घरचा म्हणून बघितलंस. आता पावना म्हणून बघ."

पाण्यात उभं असलेलं ते दगडी देऊळ मी दोन मिनिटं बघितलं. मग मोबाईलवर किती वाजले ते बघितलं.

हे मी माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी लिहितोय, आणि मागं राहिलेल्यांसाठीही. नोकरीत पत्रकं लिहून लिहून हाताला वळण लागलंय, त्यामुळं सारखं 'बंधूंनो आणि भगिनींनो' असं येतंय. पण पत्रकात दोष कायम दुसऱ्याचा असतो. इथं तसं नाही.

बीडमध्ये बाहेरगावचा माणूस येतो तो बहुतेक कोर्टाच्या तारखेला. बारापर्यंत त्याला पुढची तारीख पडते आणि गावाकडची गाडी असते चारला. असा माणूस अण्णा लांबूनच हेरायचे. "काय पावनं, पडली तारीख? मग हितं कावून तोंड पाडून बसलाव? चला, बीड बघून जावा." मग खंडोबाच्या दीपमाळा, कंकालेश्वर आणि सोलापूर रस्त्याची खजाना विहीर. या विहिरीचं पाणी दुष्काळातही हटत नाही, हे सांगताना अण्णांचा आवाज असा चढायचा, जशी काही ती त्यांनीच खोदली. माणसाकडं अख्खा दिवस असला तर कपिलधारचा धबधबासुद्धा. आई म्हणायची, "लोकं कज्जे हरून येत्यात अन् तुमी त्यांला देवळं दावता." अण्णा म्हणायचे, "हरल्याला तर आदी दावावं."

पुण्यात मी एका कामगार संघटनेत लागलो आणि खोली शोधायला लागलो. तीन दारांत तेच झालं. "कुठले तुम्ही? बीडचे? बरं, कळवतो." कुणी कळवलं नाही. टीव्हीवर बीडची गुंडगिरी दाखवतात ती मलाही दिसते. पण ते धंदे करणारे आणि त्यांना पोसणारे भाड्याची खोली शोधत फिरत नाहीत, त्यांना बंगले आहेत. दारात उभं राहून उत्तर द्यावं लागतं ते आम्हाला. याची चीड मला तेव्हाही होती, आजही आहे.

चौथ्या दारात मी म्हणालो, "नगरचा."

आमचं मूळ गाव आष्टी तालुक्यात. तिथून नगर जवळ, तेव्हा हे काही पूर्ण खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. आष्टी बीड जिल्ह्यात येते, हे मला तिसरीच्या भूगोलापासून पाठ आहे. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, मनानं चांगल्या. "अरे वा, आमची भाची नगरलाच दिलीय," म्हणाल्या आणि किल्ली हातात ठेवली. त्या संध्याकाळी मी मोबाईलवर नगर पाठ केलं. भुईकोट किल्ला, रणगाड्यांचं संग्रहालय. प्रत्यक्ष नगरला मी उतरलो असेन ते गाडी थांबते तेवढ्यात चहा प्यायला.

पुढचं तर अजून वाईट आहे. खोल्या नाकारण्यावर संघटनेनं पत्रक काढलं, ते मीच लिहिलं. 'माणसाला त्याच्या जिल्ह्यावरून तोलू नका.' कडक लिहिलं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली नावाच्या जागी मी टाकलं, 'एक सुजाण पुणेकर'. माझा कॉलेजातला दोस्त दत्ता सगळीकडं बीडच सांगत राहिला, म्हणून अजून वाघोलीच्या पुढं पत्र्याच्या खोलीत राहतो. पत्रक वाचून तो एवढंच म्हणाला, "लई भारी लिवलंस बे, नगरकर."

यंदा सीताफळांच्या दिवसांत अण्णा न कळवता आले. अंगावर खाकी शर्ट, खांद्यावर सीताफळांची पिशवी. दार बाईंनी उघडलं. मी जिन्यात होतो.

"या, या. नगरहून आलात ना? तुमचा मुलगा आता आमच्या घरातलाच झालाय."

अण्णांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला बोलायला वेळ होता. मोर्चात याहून कमी वेळात मी घोषणा रचल्या आहेत. मी बोललो नाही.

"व्हय ताई," अण्णा म्हणाले. "नगरहूनच."

चहा झाला. बाईंनी सीताफळ फोडलं, नगरची सीताफळं गोड असतात म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात भाचीकडे चाललेय. तुमच्याकडे काय बघू ते सांगा. हा किल्ल्याच्या पुढे काही सांगतच नाही."

दुसरं काहीही विचारलं असतं तर अण्णा गप्प बसले असते. त्यांनी कप खाली ठेवला. "ताई, म्हादेवाचं एक देऊळ हाय बघा. चारी बाजूनं पाणी, मदी देऊळ. सकाळच्या पारी जावा, पाण्यात आख्खं उलटं दिसतंय. अन् एक हीर हाय, केवढाबी दुस्काळ पडू द्या, पाणी हटत न्हाई तिचं."

बाईंनी डायरी काढून लिहून घेतलं. "हे नगरला आहे? भाची कधी बोलली नाही."

अण्णांनी पुन्हा एकदा माझ्याकडं बघितलं. मी सीताफळाच्या बिया गोळा करत होतो.

"जवळच हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवायला गेलो. ते खिडकीजवळ बसले. मी खालून विचारलं, "अण्णा, राग आला का?"

"न्हाई. तू खोलीसाठी बोललास, कळतंय मला." मग खिडकीतून म्हणाले, "पर ती बाई आता नगरमधी देऊळ हुडकत फिरंल. तीस वर्सांत एकाबी पाशिंजरला चुकीच्या जागी उतरवलं न्हाई मी."

शिवी दिली असती तर मी वाद घातला असता. वाद मला येतो.

चार दिवस मी जिन्यावरून पाय न वाजवता ये-जा केली. पाचव्या दिवशी बाईंच्या दारात उभा राहिलो आणि सांगितलं, ते देऊळ बीडला आहे, विहीरही बीडला आहे, आणि आम्हीही बीडचे.

त्यांनी डायरी आणली. नगर खोडून वर बीड लिहिलं, वहीत चूक सुधारावी तसं. "आधी सांगितलं असतंस तर खोली दिली नसती," म्हणाल्या. "खरं तेच सांगते."

"माहीत आहे."

"आणि खोटारड्यालाही दिली नसती."

"मग आता?"

"विचार करते."

अजून त्या विचारच करतायत. त्या वर पाठवायच्या तो चहा बंद झालाय. गेल्या रविवारी मात्र जिन्यात थांबून त्यांनी विचारलं, "त्या देवळाभोवती बाराही महिने पाणी असतं का रे?" मला सांगता आलं नाही. ज्या गावात वाढलो तिथलं एवढंही मी कधी नीट बघितलेलं नव्हतं. मी अण्णांना फोन लावला.

"बाई विचारतायत, देवळाला पाणी कवा असतं?"

"कुठल्या देवळाला?"

"कंकालेश्वराला. आपल्या बीडच्या."

पलीकडं रिक्षा चालू होती, ती बंद झाल्याचं ऐकू आलं. मग अण्णा म्हणाले, "पावसाळा सरला की पाणी भरपूर असतंय, तवा या म्हणावं. अन् निघायच्या आदी फोन करा म्हणावं, ष्टँडवर घ्यायला येतो."

हल्ली कुणी विचारलं की मी बीड सांगतो. त्यात मोठं काही नाही, खोली आधीच पदरात पडलीय. घर म्हणजे परत जायची जागा, असं मी समजत होतो. आता वाटतं, दुसऱ्याच्या दारात उभं असताना जिचं नाव घ्यावं लागतं, ती जागा म्हणजे घर. बाई बीडला जातील, न जातील. मला खोली सोडावी लागेल, न लागेल. पण आल्यागेल्याला बीड दाखवणाऱ्या माणसानं त्या दारात बीडचं नाव गिळलं, ते मी समोर उभा होतो म्हणून.