रेंजवालीचा हेवा

ती टेकडीवर उभी राहून मोबाइल डोक्यावर धरायची, मान किंचित वाकडी करायची आणि म्हणायची, "आली." आणि रेंज खरोखर आलेली असायची. आमच्या जव्हारात तेव्हा मोबाइल चालू लागला होता, पण तिच्या साखरशेत गावात तो नुसता घड्याळ म्हणून उपयोगी पडे. गावाच्या वरच्या माळावर मात्र पाटाएवढ्या दोन-तीन जागा होत्या, जिथे पडद्यावर दोन काड्या उमटत. सकाळी एक जागा, दुपारी दुसरी, ढगाळ हवेत तिसरी. त्या तिला पाठ होत्या. तिचं खरं नाव जानकी, पण मास्तरांपासून जीपवाल्यांपर्यंत सगळे तिला रेंजवालीच म्हणत. मुलांनो, तुमच्या आजीने आयुष्यात ज्या एका बाईचा मनापासून हेवा केला, ती ही.

आधी माझा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तुमचे आजोबा जव्हारच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मोगऱ्याच्या कळीचा व्यापार सुरू केला. गावोगावच्या बायका पहाटे कळी तोडत. ती जीपने आमच्या पडवीत येई. तिथे चार-पाच बायका ती बर्फासह थर्मोकोलच्या खोक्यांत भरत आणि नऊच्या टेम्पोने खोकी दादरच्या शेठकडे जात. कळी मिटलेली असेपर्यंतच तिला भाव. ऊन चढून ती उमलली की गिऱ्हाईक संपलं. शेठशी बोलणं आणि सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, माझ्या प्रत्येक वहीला समास आखलेला असे. साखरशेतच्या बायकांची कळी गोळा करून आणायचं काम रेंजवालीचं. त्या तिच्या ओट्यावर टोपल्या ठेवून निर्धास्त घरी जात.

ती मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणाली. त्यांच्या घरच्या बोलीत सगळेच तू. तहसीलदार आले तरी तू. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी आजोबांना सांगत असे. खरं म्हणजे वाटायचं. त्या 'तू'मध्ये जी जवळीक होती ती पडवीतल्या बायकांना माझ्याशी कधी वाटली नाही. मी बाहेर आले की बोलणं थांबायचं, ती आली की सुरू व्हायचं. "काय गं बाय, आज डोळे कं सुजलं? नवरा ठाण्यावरून आला वाटतं," असं ती एखादीला म्हणायची आणि पडवी हसायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते हसू ऐकत असे.

फोनचे पैसे वाचवायला तिने मिस कॉलची पद्धत बसवली होती. एक मिस कॉल म्हणजे कळी तोडून झाली, जीप मिळाली, निघते. दोन म्हणजे माल जास्त आहे, खोकी जादा ठेव. तीन म्हणजे जीप नाही, मी फाट्यावर थांबते, तू गाडी पाठव. मी ते वहीत तक्ता आखून लिहून ठेवलं. तिला तक्त्याची गरज नव्हती. "तीनच तर गोष्टी होतात रोज," ती म्हणाली. "लिवायचं काय त्यात?"

मग तुमच्या बाबांनी एका सुट्टीत येताना माझ्यासाठी नवा फोन आणला. त्याला बटणं नव्हती, सगळा पडदाच. शेठही नुकतेच म्हणाले होते, "मॅडम, सकाळी कळीचा फोटो ई-मेल करत जा, भाव लगेच सांगतो." मी फोनबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, महत्त्वाच्या ओळी लाल शाईने अधोरेखित केल्या, वहीत टिपणं काढली. पण माझं बोट काही पडद्याला पटेना. ई दाबावं तर डब्ल्यू उमटे. शेठचं नाव लिहिता लिहिता दूधवाल्याला फोन लागे. त्यात त्या फोनचं संगीत मला असह्य होई, म्हणून मी त्याचा आवाजच बंद करून टाकला.

रेंजवाली दोन सकाळी हे नुसतं बघत राहिली. तिसऱ्या सकाळी म्हणाली, "पुस्तक ठेव बाजूला. त्याला रेंज कुठं हाय? दे मना."

तिने फोन तळहातावर घेतला आणि अंगठ्याचं नख पडद्यावर टेकवलं. कळी तोडायला नखच लागतं. वर्षानुवर्षं देठ खुडून तिचं ते नख कडक आणि टोकदार झालं होतं. तेव्हाच्या त्या पडद्याला नुसता स्पर्श कळत नसे, टोकदार दाब लागे; त्याला नेमकं तेच हवं होतं. घडाघड चित्रं उघडली. तिने टोपलीचा फोटो काढला, मग पडवीतल्या बायकांचा, मग माझा, तोंड उघडं असलेला.

"बोट नको लावू, नख लाव," ती मला म्हणाली. "तुझी शाळा लय मोठी बाय, पण बोट जाडं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि फोन तिच्या हातातून घेऊन कपाटात ठेवला. फोटो मीच काढीन, असं सांगितलं.

त्यानंतर आठवड्याभराने, एप्रिलमधल्या एका सकाळी, मी फोन पाहिला तर तिच्या नावाची मिस कॉलची एक ओळ. म्हणजे निघाली. मी खोकी मांडली, बर्फ फोडून घेतला. आठ वाजले, साडेआठ झाले, नऊचा टेम्पो माझ्या मालाशिवाय गेला. शेठचा चिडून फोन आला तेव्हा मी फोन हातात घेऊनच पडवीत उभी होते. बायका ऐकत होत्या. "आमच्या बाईने धड कळवलं नाही," मी म्हणाले.

ती बाराच्या सुमारास कुठल्याशा ट्रकमधून आली. टोपल्यांवर ओली फडकी होती, पण खाली अर्धा मोगरा उमलला होता. "मी फाट्यावर बसलू. गाडी नाय आली," एवढंच म्हणाली. सगळ्यांदेखत मी तिला एक मिस कॉल आल्याचं ऐकवलं. तिने टोपल्या तिथेच ठेवल्या आणि ती गेली.

दुपारी चष्मा लावून मी फोन पुन्हा पाहिला. जुन्या फोनमध्ये प्रत्येक मिस कॉलची वेगळी ओळ यायची. या फोनमध्ये एकच ओळ होती आणि नावापुढे मुंगीएवढा तीनचा आकडा. पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं. मी ते अधोरेखितसुद्धा केलं होतं.

मी कोणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पडवीत कुजबुज झाली. रेंजवालीचं आता खरं नाही, साखरशेतच्या दोघीजणी कळी परस्पर जीपवाल्याकडे देणार आहेत, असं एक बाई म्हणाली. मी ते ऐकलं आणि बर्फ फोडत राहिले. खरं सांगते, मला थोडं बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती आली ती सरळ स्वयंपाकघरात. "फोन दाखव," म्हणाली. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. नखाने यादी सरकवत ती त्या दिवसाच्या ओळीपर्यंत गेली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"हा तीन कोणाचा?"

तिने फोन ओट्यावर ठेवला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पडवीत गेली. मी आतून ऐकलं. "त्या दिवशी रेंज नाय लागली," ती बायकांना सांगत होती. "जागा चुकली माझी. आथा नाय चुकणार."

ज्या एका गोष्टीवर तिचं नाव उभं होतं, ती गोष्ट तिने माझ्यासाठी मोडून टाकली. मला ते सहन झालं नाही. चांगुलपणा होता की तिथेही ती वरचढ ठरल्याचा राग, आजही नक्की सांगता येत नाही. मी बाहेर आले आणि म्हणाले, "तिने तीन कॉल दिले होते. मी एक वाचला. परवाच मला कळलं होतं."

रेंजवालीने चिकटपट्टीचं टोक दाताने तोडलं. "झालं ना सांगून? आथा खोकं धर. टेम्पो उभा हाय."

मग मी शेठनाही फोन करून खरं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग मॅडम, फोन त्यांच्याकडेच द्या ना." मी दिला. तिने त्याला जुन्या लुगड्याच्या तुकड्याची पिशवी शिवली आणि प्रत्येक माणसाला वेगळं गाणं लावलं. पावसाळ्याआधी मोखाड्याच्या बाजारात जाऊन तिने कळीचे फोटो तिथल्या बायकांना दाखवले आणि पुढच्या हंगामात मोखाड्याकडच्या दोन गावांची कळी आमच्याकडे येऊ लागली. मी त्या बाजारात दोन वर्षं छापील पत्रकं वाटली होती. एक टोपली मिळाली नव्हती. "मॅडमना विचारतो" म्हणणारे शेठ आता "मावशींना विचारा" म्हणू लागले. मी खोक्यांवर इंग्रजीत पत्ते लिहीत असे. अक्षर माझं अजूनही सुंदर आहे.

आजोबा गेल्यावर मी पुण्याला तुमच्या आत्याकडे आले. निघताना रेंजवाली जव्हारच्या स्टँडवर आली होती. "तिथं रेंज चांगली असंल," म्हणाली. "फोन करीत जा. मिस कॉल नको, बोल." मी करत असे, पण माझ्यापेक्षा तिलाच जास्त सांगायचं असायचं.

दोन उन्हाळ्यांनी एकदा तिच्या फोनवरून तिची सून बोलली. सासू तापाने आठ दिवसांत गेली म्हणाली. मी विचारलं, ती गेली त्या दिवशी कळीचं काय केलंत? ती म्हणाली, "त्या दिवशी कोणीच तोडली नाय, आजी. साखरशेतात नाय, तिकडं मोखाड्याकडंही नाय. सगळी झाडावरच फुलली."

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसून राहिले. तुमच्यापासून लपवत नाही, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की माझ्यासाठी एकाही गावात तोडणी थांबली नसती. रडू त्यानंतर आलं.