फाटक उघडं होतं
चहाच्या कपात वलय उठलं की मला नांदुऱ्याची ती प्रयोगशाळा आठवते. रूळ आणि रेल्वेचं फाटक जवळच होतं, त्यामुळे प्रत्येक मालगाडीला आमचा अणुबल सूक्ष्मदर्शक हादरायचा. तो पेशी बघत नाही, सुईच्या अतिबारीक टोकाने चाचपतो. त्या दुपारी बशीत कोंबडीच्या अंड्यातल्या पिलाच्या हृदयाच्या पेशी होत्या, कोमट द्रवात जेमतेम तग धरून, आणि आमच्याकडे सुई ती एकच उरलेली. जरा जास्त टेकली तर पेशीही जाणार आणि सुईही. "टेबलाले हात लावू नको," सर पुटपुटले. पंखा बंद होता, घाम डोळ्यांत उतरत होता. पडद्यावरची सुईची सरळ रेघ अचानक थरथरली. "गाडी असन. उचल सुई!" माझं बोट बटणावर गेलं, पण रेघ पुन्हा उसळली, मग पुन्हा, तेवढ्याच अंतराने. मी खिडकीबाहेर पाहिलं. कापसाचा ट्रॅक्टर आरामात रूळ ओलांडत होता. "सर, फाटक तं उघडं हाये!" सर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. "मंग हे पेशीच धडधडून राह्यली, पोरी." आता माझं घर अशाच एका फाटकापाशी आहे. कपात वलय उठलं की मी आधी तिकडे बघते, आणि फाटक बंद दिसलं, म्हणजे नुसती गाडीच निघाली, की उगाच मन खट्टू होतं.