महिन्यातून चार दिवस गप्प बसणारा ग्रह

नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, तेव्हा वाटलं होतं, हा आता मासे खायला शिकेल. त्याने परग्रहवासीयांशी सोयरीक जुळवायला घेतली. बेहालाच्या आमच्या फ्लॅटच्या गच्चीवर अँटेना चढली आणि हा रोज सकाळी हेडफोन लावून खोलीत बसू लागला.

वर्षभरात संदेश सापडलाही. बरोबर सातला खरखर सुरू होई, वीस मिनिटांनी थांबे. महिन्यातून चार दिवस मात्र चिडीचूप. तेवढे दिवस ग्रह ताऱ्यामागे जातो, हे यानेच ठरवलं. मराठी मंडळात त्यावर व्याख्यान दिलं. नंतर बटाटेवडे होते, त्यामुळे गर्दी बरी होती.

टाळ्या वाजवता वाजवता मी पडद्यावरच्या तारखा वाचल्या आणि गार पडले. त्या माझ्या होत्या. सातला मी पूजेला बसते तेव्हा देव्हाऱ्यातली विजेच्या दिव्यांची माळ लावते. फुटपाथवरून घेतलेला तिचा अडॅप्टर रेडिओत खरखर करतो. पाळीचे चार दिवस मी देव्हाऱ्याकडे फिरकत नाही. सासूबाई गेल्या, नियम राहिला. नवरा विज्ञानवादी, म्हणजे पूजा माझ्याकडेच. दुसऱ्या दिवशी मी माळ मध्येच बंद केली, तर आतून "गेला, गेला" ऐकू आलं. मी काही बोलले नाही. पंचवीस वर्षांत माझ्या तारखा त्याने पहिल्यांदाच लिहून ठेवल्या होत्या.

यंदाच्या थंडीत सगळं बेहाला मंकी कॅप घालून फिरत होतं आणि मी पंखा पाचवर ठेवून झोपत होते. त्याने दुसरी रजई काढली, विचारलं काही नाही.

मग एका सकाळी तो वही घेऊन स्वयंपाकघरात आला, चेहरा उतरलेला. तीन महिने संदेशात खंड नाही, म्हणाला, तिकडे काहीतरी बिघडलंय, बिचाऱ्यांचं काय झालं असेल. त्याचे डोळे भरून आले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तिकडे सगळे ठणठणीत आहेत," मी म्हणाले. "मला तीन महिने पाळी आलेली नाही. डॉक्टरांकडे जाऊन आले. तुझा ग्रह आपल्या देव्हाऱ्यात आहे."

त्याला हाताला धरून नेलं आणि माळ लावली. खोलीत काढून ठेवलेल्या हेडफोनमधून खरखर आली. बंद केली, थांबली. तो बराच वेळ वहीतल्या तारखा वाचत राहिला.

"एकटीच गेलीस?" त्याने विचारलं.

मला रडू फुटलं. रडता रडताच त्याला म्हटलं, हेही लिहून ठेव.