सुभेदारांची छाती

"अडतीस," सुभेदार स्वतःच म्हणाले.

टेप माझ्या हातात होती. मी ती त्यांच्या छातीभोवती धरली, आकड्यावर नजर रोखली आणि मालकांना ओरडून सांगितलं, "चेस्ट अडतीस!"

बेळगावात कॅम्पातल्या शिंप्याच्या दुकानातली ही गोष्ट. गोरे सायब अजून होते. तीन वर्षं काजं-बटणं केल्यावर मालकांनी मला नुकतंच कटिंगच्या टेबलावर घेतलं होतं. "यल्लाप्पा, एक कोट बिघडला की पुन्हा काजं-बटणं," हे त्यांनी सगळ्यांसमोर बजावलेलं. आणि मी तर आमच्या खासबागेत घरोघर सांगून बसलेलो की आता मी कटर झालो.

एकच गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. टेपवरचे आकडे मला वाचता येत नव्हते.

वडिलांनी मला कागदाच्या पट्टीवर माप शिकवलं. पट्टी अंगाला लावायची, छाती भरली तिथं कात्रीनं एक खाच, कमरेला दोन. आकडा लागतच नाही. पण कॅम्पात ते गावठी. म्हणून मी गोडीनं विचारायचो, "साहेब, मागल्या खेपेला किती होती?" गिऱ्हाईक सांगेल तेच ओरडायचो. मालक त्यावरून कापडावर खडूनं आखायचे, कापायचं मी. बहुतेक जमायचं.

सुभेदार पलटणीतून पेन्शनीत आलेले. आठ दिवसांनी लेकीचा साखरपुडा. ट्रायलला आले. ट्रायल म्हणजे कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर घालून बघणं. कोट असा लोंबला की आत आणखी एक माणूस मावला असता.

"शिलाई ढिली हाय," सुभेदार म्हणाले.

"यल्लाप्पा, माप कुणी घेतलं?" मालक.

"मी. अडतीसच हाय."

"अडतीसच," सुभेदारही म्हणाले. "पलटणीत लिव्हलेलं हाय."

कोट लोंबत होता आणि आम्ही दोघं एकाच आकड्याला चिकटून होतो. तेवढ्यात मालकांना पुढं गिऱ्हाइकानं हाक मारली. जाता जाता म्हणाले, "मी येईपर्यंत चूक कुणाची ते कळू दे."

आता काजं-बटणं पक्की. मी हळूच म्हणालो, "साहेब, मला आकडे वाचता येत न्हाईत. तुम्ही म्हणाला म्हणून अडतीस."

ते बघतच राहिले. "एवढा घोडा झालास, अन् आकडे येत न्हाईत?"

"न्हाय."

त्यांनी मग कोट उतरवून हात वर केले. "थंडीतापानं दोन महिने झोपून होतो रं. घे माप. पण आकडा सांगू नको."

"सांगायला मला येतोय कुठं?"

तेव्हा ते हसले. मी कागदाची पट्टी फाडली आणि खाच मारली. कोटाच्या दोन्ही बाजू चार-चार बोटं आत गेल्या. मालक परत आले. "ही पट्टी कसली?"

"मीच सांगितलं," सुभेदार म्हणाले. "चूक माझीच. मला टेप चालत न्हाय."

साखरपुड्यात कोट अंगावर असा बसला की व्याह्यांनी दुकानाचा पत्ता विचारला. मी टेबलावरच राहिलो. पुढं आकडे शिकलो, चाळीसपर्यंत. त्याच्या वरचं गिऱ्हाईक मालकांकडं धाडायचो.

मला अजून नवल वाटतं. टेप आमच्या दोघांच्या मधे होती आणि खरं तिच्याकडं कुणीच बघितलं नाही. त्यांना पलटणीतला सुभेदार दिसत होता, मला कॅम्पातला कटर. गिऱ्हाईक स्वतःचं माप सांगतं ते चांगल्या दिवसांतलं असतं. ऐकावं, मान डोलवावी आणि मग माप घ्यावं.