तायक्वांदो आपल्याकडून गेलं नव्हतं

पांढरकवड्यात माझ्याकडे तायक्वांदो शिकलेल्या प्रत्येकाने माझ्या तोंडून एक गोष्ट ऐकली आहे. फार पूर्वी आपल्याकडचा एक भिक्खू डोंगर ओलांडून पूर्वेला गेला, तिथे त्याने ही विद्या शिकवली आणि तीच फिरून आपल्याकडे आली. ही गोष्ट मी कुठेतरी ऐकली होती, कधी तपासली नाही. पुढे खरं कळल्यावरही सांगत राहिलो.

तायक्वांदो कोरियाचं आहे. जपान्यांचं राज्य संपल्यावर तिथे काही शाळा निघाल्या. शिकवणारे बरेचसे जपानी कराटे शिकलेले. त्याला कोरियातल्या जुन्या लाथांच्या खेळाची जोड मिळाली आणि गेल्या शतकाच्या मध्यावर त्याला हे नाव पडलं. पाय, मूठ आणि मार्ग, एवढाच त्या नावाचा अर्थ.

मी कचेरीत कारकून होतो. नागपूरला बदली असताना हे शिकलो आणि परत आल्यावर वर्ग काढायचं ठरवलं. जागा एकच होती, देवळाशेजारचं सभागृह. तिथले विश्वस्त तरुणपणी पैलवान होते. ते म्हणाले, "आपली कुस्ती मेली काय, मास्तर? हे विदेशी लाथा मारणं कायले शिकवता?"

"काका, हे मूळचं आपलंच आहे," मी म्हणालो आणि भिक्खूची गोष्ट सांगितली. त्याच संध्याकाळी किल्ली मिळाली.

मग ती गोष्ट कामालाच लागली. मुलींना पाठवायला कचरणारे आईबापही तिने विरघळत. एका वर्षी तर तो भिक्खू विदर्भातूनच निघाला होता, असं मी सांगितलं.

बाकी शिकवलं ते खोटं नव्हतं. आत येताना वाकून नमस्कार, कोरियन आकडे, घोट्यावरचा तोल, काल्पनिक शत्रूशी ठरलेल्या क्रमाने लढायचे ते आकृतिबंध. गुडघा आधी वर, लाथ नंतर. श्वास कधी सोडायचा हे शिकायलाच कित्येक महिने जातात. त्याच्या जोरावर मी या वयात जिना धाप न लागता चढतो.

जवळच्या खेड्यातून एक मुलगी एसटीने यायची. घरची कापसाची शेती. सुरुवातीला मान वर करून बोलत नसे. पुढे एकदा बसमध्ये बायकांच्या जागेवर ठाण मांडून बसलेल्या माणसाला तिने नुसतं समोर उभं राहून उठवलं, असं तिचे वडीलच हसत सांगत. तिला अमरावतीला जाऊन खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. वडिलांनी अट घातली होती: काळा पट्टा मिळाला तर अमरावती, नाही तर लग्न.

परीक्षा यवतमाळला झाली. आकृतिबंध, लढत, फळी फोडणं, सगळं तिने देखणं केलं. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तायक्वांदोचा उगम विचारला. तिने भिक्खूची गोष्ट सांगितली.

"हे कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याच टेबलाशी बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "माझंच चुकलं सर," म्हणाली. मी पाण्याचा पेला उचलला आणि तोंडाला लावला. ज्याला मूळ माहीत नाही त्याला काळा पट्टा नाही, असं म्हणून त्यांनी तिला नापास केलं.

परतताना वडिलांनी मला विचारलं, "पोरगी काहून नापास झाली, सर?"

"अभ्यास कमी पडला," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं.

ती आता कळंबला असते. जुने विद्यार्थी वर्गाची स्मरणिका काढत आहेत, आणि पहिल्याच पानावर त्यांनी भिक्खू घेतलेला पाहिला तेव्हा मी तिचं घर शोधत गेलो. तिने पाणी दिलं, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं.

"मले माहीत होतं, सर. कॉलेजच्या पुस्तकात वाचलं होतं."

"मग खरं काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही तिथंच बसले होते ना. तुमच्या समोर तुम्हाले खोटं पाडू काय?"

ती पुढे म्हणाली, "पट्ट्याचं जाऊ द्या. पण बाबा जाईपर्यंत म्हणत राह्यले, पोरीनं अभ्यास केला नाही, म्या तं बसभाडं काढून काढून पाठवलं. भाऊ अजून म्हणते. ते बाबाले सांगाचं होतं तुम्ही."

तिचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. भाऊ त्याच गावी शेती करतो. मी त्याला भेटायला जाऊ का, असं तिला विचारलं.

"जा," ती म्हणाली. "मी येत नाही."

स्मरणिकेतलं ते पान काढायला सांगितलं आहे, त्या जागी हे छापा म्हटलं आहे. येत्या रविवारी तिच्या गावी जातो. तिचा अभ्यास पुरा झाला होता, हे तिच्या भावाला घरातल्या सगळ्यांसमोर सांगायचं आहे.