रक्तातला माज

मला तेलुगू येतं, असं मी आयुष्यातली बरीच वर्षं सांगत आलो. तेलुगू मुलखातल्या या शहरात, गौलीगुड्यात, माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. गिऱ्हाइकाशी दखनीत, म्हणजे इथल्या हिंदी-उर्दूत बोलायचं, घरी मराठीत, आणि तेलुगू उरायचं ते भांडणापुरतं. बसचा कंडक्टर, रिक्षावाला, नळाचं पाणी सोडणारा माणूस, यांच्याशी वाद घालता घालता मी ती भाषा उचलली. त्यामुळे माझ्या तेलुगूत टोमणे भरपूर, भाज्यांची नावं थोडी आणि शरीराच्या आतलं काही म्हणजे काही नव्हतं. वाचता तर एक अक्षर येत नव्हतं. पण नात्यातल्या लग्नांत, जिथे सगळे उदगीर-नांदेडकडचे, तिथे मी तेलुगूचा पंडित.

वहिनींना मात्र हा पंडित पुरता ठाऊक होता. एकदा मी भररस्त्यात तेलुगूत ओरडून रिक्षा थांबवली, तर त्या म्हणाल्या, "भावजी, त्याला कळलं म्हनून नाही थांबला. ह्या मानसाला काय झालं ते बघाया थांबला."

अशा होत्या वहिनी. तोंडाने फटकळ, आणि बहुतेक वेळा बरोबर.

माझा थोरला भाऊ टीव्ही-फ्रिजच्या एजन्सीत होता. बाजार खुला झाला, नवनव्या कंपन्या आल्या, तशी त्याची फिरती वाढली. फिरतीच्या कमाईतून आमच्या घरात पहिला रंगीत टीव्ही आला. फिरतीतूनच एचआयव्हीही आला. भाऊ गेला तेव्हा त्याचा दंड माझ्या मुठीत मावत होता. लोकांना आम्ही कावीळ सांगितली. पुढे कळलं, वहिनींनाही आहे. त्यांची मुलगी तेवढी सुटली होती.

काचीगुड्याला आमच्याच लोकांतले एक डॉक्टर होते, मराठीत नीट समजावून सांगणारे. पण त्यांच्या घरचं हळदीकुंकू आणि आमचं हळदीकुंकू एकच. या शहरात मराठी माणसं मूठभर, बरकतपुऱ्यात कोणाला ताप आला तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतो. म्हणून सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळायला लागली तेव्हा आम्ही मुद्दाम तिथे गेलो. तिथे आपली भाषा कोणाला कळत नाही, याचा केवढा आधार वाटला होता. दुभाषा म्हणून अर्थातच मी.

औषधं लागू पडली. वहिनींचं वजन वाढायला लागलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. वाळणं म्हणजे काय ते या घराने पाहिलेलं होतं. अंगावर मांस चढतंय म्हणजे आजार उतरतोय, हा आमचा हिशेब. मी दर महिन्याला अफझलगंजातून गाईचं तूप आणायचो आणि समोर बसून त्यांना खायला लावायचो. गाल तसे बसकेच राहिले, वजन सगळं पोटावर आणि मानेमागे चढलं. पण काटा पुढे सरकत होता. आम्ही काट्याकडे बघत होतो.

मग तो दिवस. सकाळी रांगेत तिथल्या एका माणसाने वहिनींचं नाव घेऊन वर आजाराचंही नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं उच्चारलं. वहिनी सरळ त्याच्या टेबलाशी गेल्या आणि आपल्या खेड्याच्या मराठीत त्याला असं झापलं, की न कळूनही तो उभा राहिला. अर्ध्या तासाने आम्ही सल्ला देणाऱ्या बाईंसमोर बसलो. बाई गुंटूरकडच्या. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी अडखळत हिंदीत सुरुवात केली, "देखो अम्मा, आपके खून में..."

मी त्यांना मध्येच थांबवलं. म्हटलं, मला येतं, तेलुगूत बोला.

बाई मोकळ्या झाल्या आणि भरभर बोलल्या. त्यातलं मला स्वच्छ ऐकू आलं ते एवढंच: रक्तंलो कोव्वु एक्कुवगा उंदि, तग्गिंचुकोवालि. 'कोव्वु' हा शब्द माझ्या खास ओळखीचा. कंडक्टर मला कितीदा तरी म्हणाला होता, "काय रे, कोव्वु चढला का?" कोव्वु म्हणजे माज. आणि सकाळचं भांडण ताजं होतं.

"काय म्हनली?" वहिनींनी विचारलं.

"म्हणतेय, तुमच्या रक्तातच माज जास्त आहे. कमी करा."

मला त्यात गंमतही वाटली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. बाईंनी तेलुगूत एक कागद लिहून दिला. तो मी घडी घालून फाइलमध्ये ठेवला. ती फाइल कपाटात, कपड्यांखाली, कुलपात. घरात तेलुगू वाचता येणारं एकच माणूस होतं, वहिनींची मुलगी. आणि फाइल लपवायची ती तिच्यापासूनच. पुढच्या महिन्यात त्या बाईंची बदली झाली. नव्या आलेल्यांना गोळ्या देण्यापलीकडे वेळ नव्हता.

घरी मी ही गोष्ट रंगवून सांगितली. रक्तातला माज. सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत, पण ते माझ्या लक्षात आलं नाही. कारण नंतर त्या कशावरच फारसं बोलेनाशा झाल्या. रांगेत कोणी पुढे घुसला तर बाजूला सरायच्या. मी तेलुगूत ओरडून रिक्षा थांबवली तरी शेरे येईनात. नातेवाइकांत कोणी टोचून बोललं, तर खाली मान. आम्ही म्हणायचो, औषध चांगलं मानवलं, स्वभावही निवळला. आणि मी तूप वाढत राहिलो.

दोन वर्षांनी एका दुपारी त्यांची पाठ भरून आली, जबडा दुखायला लागला, घामाने पदर भिजला. आम्ही आधी पित्ताची गोळी दिली. मग मोठ्या इस्पितळात नेलं. हृदयाचा झटका होता. वाचल्या, पण हृदय कायमचं दुबळं झालं.

तिथले डॉक्टर जुन्या शहरातले, त्यांनी मला दखनीत विचारलं, "मियाँ, इस बीमारी में दिल का खतरा वैसेच ज्यादा रहता. कुछ गोलियों से बी चर्बी बढ़ती. किसीने बोले नै क्या?"

कोणी बोललं नव्हतं, असं मी छातीठोक सांगितलं. त्यांनी जुनी फाइल मागितली, तेव्हा ती घरून आणायला वहिनींच्या मुलीला कुलपाची किल्ली द्यावी लागली. ती तेव्हा अठरा वर्षांची. म्हणाली, "मला माहीत होतं काका. तुम्ही लपवता म्हणून मी बघत नव्हते." मग तिने तो घडीचा कागद उघडून वाचला. "ब्लडमध्ये फॅट जास्त आहे. तूप बंद, डालडा बंद, तळलेलं बंद. रोज अर्धा तास चालायचं. तीन महिन्यांनी परत टेस्ट."

मी म्हटलं, "पण कोव्वु म्हणजे माज ना?"

"ते भांडणात, काका. एरवी कोव्वु म्हणजे चरबी."

आपल्या मराठीतही चरबी अंगावर चढते तशी डोळ्यांवर चढते. इतकं साधं होतं ते. बाईंना हिंदीत बोलू दिलं असतं, तर त्या 'चरबी'च म्हणाल्या असत्या आणि वहिनींना माझ्याशिवाय कळलं असतं.

खाटेशी बसून मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हन्जे रक्तात माज नव्हता?"

"नाही. चरबी होती."

"आन् ती तुम्हीच आनून घालत होता."

"हो."

"भावजी," त्या म्हणाल्या, "दोन वर्सं मी गप बसले की हो."

तुपासाठी त्यांनी मला कधी बोल लावला नाही. त्यात माया होती, हे त्यांना कळत होतं. त्या दोन वर्षांच्या गप्प बसण्याचं मात्र तसं नव्हतं.

त्यानंतर वहिनी दीड वर्ष होत्या. इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदा सरकारी दवाखान्यात गेलो, तेव्हा मी सवयीने त्यांच्या आधी आत शिरलो आणि खुर्ची ओढली. वहिनी दारात थांबल्या. दम लागला होता, चौकट धरून उभ्या राहिल्या. मग सल्ला देणाऱ्या नव्या बाईंना म्हणाल्या, "आप मेरेकू बोलो. हिंदी में बोलो, धीरे बोलो. इनकू नक्को."

'नक्को' मराठी की दखनी, हे आमच्या शहरात कोणी विचारत नाही. मला कळलं. मी उठलो, बाहेर जाऊन बाकावर बसलो. आतून त्यांचा आवाज येत होता. प्रत्येक वाक्य वहिनी बाईंना दोनदा विचारत होत्या.