एका वर्षाचा परवाना

महाडच्या खासगी रुग्णालयात मी नर्स होते तेव्हाची ही गोष्ट. नवं शतक नुकतंच लागलं होतं. आयर्लंडमध्ये नर्सेसची फार टंचाई होती आणि मुंबईच्या एका एजन्सीत माझी मुलाखत होऊन दोन महिने उलटले होते. मी आशा जवळजवळ सोडलीच होती. एके दिवशी एका आजोबांचं सलाईन बदलत असताना बाहेरून हाक आली, मुंबईचा फोन आहे.

एजन्सीतल्या बाई म्हणाल्या की निवड झाली आहे, पण जायचे दोन मार्ग आहेत आणि कुठला घ्यायचा ते आठ दिवसांत कळवायचं. हाताशी कागद नव्हता, म्हणून मी औषधाच्या रिकाम्या खोक्यावर लिहून घेतलं. पहिला मार्ग म्हणजे वर्क परमिट. म्हाताऱ्या माणसांचं तिथलं एक खासगी शुश्रूषागृह माझ्यासाठी ते काढणार होतं. दीड महिन्यात निघता येईल, तिकीट त्यांचं, राहायला खोली त्यांची. मात्र परमिट एका वर्षाचं आणि त्यांच्याच हातात. नोकरी सोडली तर परत यायचं. दुसऱ्या मार्गात एका सरकारी इस्पितळाचं पत्र घेऊन मीच दिल्लीतल्या आयर्लंडच्या वकिलातीत अर्ज करायचा होता. काम आणि रहिवास दोन्हीची मिळून दोन वर्षांची परवानगी माझ्या स्वतःच्या नावावर मिळणार होती. इस्पितळ बदललं तरी ती टिकणार, पुढे नवरा आणि मुलगीही येऊ शकणार. पण त्याला सहा-सात महिने लागतील, आणि मिळेलच असं नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं.

माझ्यासोबत महाडजवळच्या सव गावची एक मैत्रीण काम करायची. तिचीही निवड झाली होती, तिच्यापुढेही हेच दोन मार्ग होते. तिनं डबा खाता खाता ठरवून टाकलं. वडील नव्हते, पाठच्या दोघी बहिणी कॉलेजात होत्या. थांबायला तिला वेळच नव्हता. ती वर्क परमिटवर जाणार होती.

मला मात्र ठरवता येईना. संध्याकाळच्या एसटीनं पोलादपूरला घरी आले आणि ते खोकं नवऱ्यापुढे ठेवलं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यानं ते नीट वाचलं, पाठीमागे औषधाचं नाव होतं तेही वाचलं, आणि म्हणाला की मुलीचं तो बघेल, बाकी मी ठरवावं. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. त्याच्या अशा समजूतदारपणाचा मला त्या वेळी रागच आला. कुणीतरी ठामपणे एक काहीतरी सांगावं असं वाटत होतं.

रविवारी उमरठच्या रस्त्याला माझ्या माहेरची वाडी आहे तिथे गेले. बाबा तलाठी कार्यालयात कोतवाल म्हणून निवृत्त झालेले. नोटिसा पोचवणं, दवंडी देणं, दप्तर उचलून आणणं असं काम. शाळा चौथीपर्यंत, पण सातबारा असा वाचायचे की तलाठीही कधीकधी त्यांनाच विचारायचे. आई भाकऱ्या थापत होती. मी पगार किती, थंडी किती, सुट्टी किती असं सगळं सांगत बसले. बाबांनी मध्येच थांबवलं.

"पगार राहू दे बाजूला. कागद कोणाच्या नावावर हाय ते सांग."

"एक त्या शुश्रूषागृहाच्या. दुसरा माझ्या."

"मग त्या पहिल्यात तू कोण?"

मी पिशवीतून ते खोकं काढून पुन्हा वाचू लागले. ते म्हणाले, "जमीन कसायला मिळणं येगळं आन नावावर होणं येगळं. सातबाऱ्यावरच्या ह्या दोन रकान्यांपायी माणसं जन्मभर कचेरीच्या पायऱ्या चढताना मी बघितली हायत."

आईला ते पटलं नाही. जे हातात येतंय ते घ्यावं, सहा महिन्यांनी देतील याची खात्री काय, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचंही खोटं नव्हतं. परत निघताना ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हाही तेच म्हणाली, "एका वर्षाचाच घे गो. बरा हाय तो."

सोमवारी मी मुंबईला फोन करून दुसरा मार्ग सांगितला. बाईंनी विचारलं, नक्की ना? मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचे सात महिने आता आठवले की वाटतं, तेवढं सुख नंतर सलग कधी मिळालं नाही. तेव्हा ते सुख आहे हे कळलं नाही, कारण माझं सगळं लक्ष पोस्टमनकडे. लग्नाचा दाखला, नर्सिंगची गुणपत्रिका, पोलिसांचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. महाडच्या चवदार तळ्याच्या वाटेवरचा झेरॉक्सवाला मला पाहिलं की मशीन चालू करायचा. रात्रपाळ्या मी मागून बंद करून घेतल्या होत्या, म्हणून संध्याकाळी घरी असायचे. जेवताना नवरा आणि मी इंग्रजीत बोलायचा सराव करायचो. तो रोगी व्हायचा, मी नर्स. त्याचं कुठं दुखतंय ते त्याला इंग्रजीत सांगता यायचं नाही आणि मुलगी कुळथाच्या पिठीत बोट बुडवून आमच्याकडे बघत खिदळायची. तिला वाटायचं हा खेळ तिच्यासाठीच चाललाय. कधी दिवे गेले की आम्ही तिघं ओट्यावर बसायचो. पोलादपूरचे ते घाटाकडे जाणारे ट्रक, त्यांचे चढावर बदलणारे आवाज मला अजून आठवतात.

मैत्रीण गेली. तिचं पहिलं पत्र माझ्या नावे आलं, त्यात तिच्या आईसाठी एक वेगळी चिठ्ठी होती. ती पोचवायला मी सवला निघाले तर आमच्याकडे आलेली माझी आई म्हणाली, मीही येते, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकून होतील. चिठ्ठी मी वाचून दाखवली. मैत्रिणीच्या आईनं ती परत घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि देवापुढे ठेवली. मग आम्ही मायलेकी कुंडावर गेलो. आईनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाय पाण्यात सोडले. मग पाण्याकडेच बघत म्हणाली, "त्या एका वर्षाच्या कागदावर वर्षानं परत यायला लागतं, आसंच ना?"

"वाढवला नाही तर, हो."

"म्हणून तो घे म्हणत होते."

मी तिच्या शेजारी बसून होते. इतके दिवस मला वाटत होतं की तिला घाई आहे, परदेशाचा पैसा लवकर यावा असं वाटतंय. मी मनात तिला नावंही ठेवली होती. मीही पाय पाण्यात सोडले. पाणी फार गरम होतं, लगेच काढावे लागले, आणि ती हसली.

सातव्या महिन्यात पासपोर्ट शिक्का मारून आला. मी गेले. वर्षभरानं नवरा बिनपगारी रजा टाकून मुलीला घेऊन आला. त्याला सुरुवातीला तिथे काम करायची परवानगी नव्हती; शाळेत पोरांवर आवाज टाकणारा माणूस भाड्याच्या घरात भाजी चिरत बसायचा. ते दिवस त्याला जड गेले आणि माझ्या कागदापायी ते आले, हे मी विसरले नाही. पुढे नियम बदलला आणि त्याला एका गोदामात काम लागलं. मला पहिलं इस्पितळ मानवलं नाही, तेव्हा दुसरं धरलं. अर्ज केला, महिन्याभरात बदललं, कुणाला विचारावं लागलं नाही.

मैत्रिणीचं शुश्रूषागृह तिसऱ्या वर्षी विकलं गेलं. नव्या मालकाला जुनी माणसं नको होती. परमिट तिथेच संपलं. थोड्या दिवसांत नवं परमिट काढून देणारी नोकरी मिळाली नाही तर परत जावं लागणार होतं; तोवर ती आमच्याकडे राहिली, बॅग न उघडता. रोज सकाळी अर्ज लिहायची, दुपारी आमच्या मुलीला शाळेतून आणायची. नोकरी मिळाली तेव्हा तिनं आधी सवला फोन लावला आणि आईला सांगितलं की नोकरी बदललीय, ही जास्त चांगली आहे. एवढंच सांगितलं. तिनं निवड चुकवली असं मला कधी वाटलं नाही. बहिणी शिकल्या त्या तिच्या त्या दीड महिन्याच्या घाईमुळेच.

पाचव्या वर्षी मी एकटीच सुट्टीवर गावी आले आणि परत जाताना आईला तीन महिन्यांसाठी सोबत घेतलं. बाबांनी थंडीचं कारण सांगून अंग काढून घेतलं. डब्लिनच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं माझं रहिवासाचं कार्ड पाहून लगेच परत दिलं. आईचा पासपोर्ट मात्र तो चाळत राहिला. किती दिवस राहणार, असं त्यानं विचारलं. आईनं माझा दंड धरला होता. काय म्हणतोय, तिनं विचारलं. मी सांगितलं.

"त्याला म्हणावं, भात कापायला मी घरी पायजे. तवर ऱ्हाईन."

मी इंग्रजीत एवढंच म्हणाले की ऑक्टोबरपर्यंत. त्यानं शिक्का मारला आणि पासपोर्ट आईच्या हातात दिला. तो तिनं पदरात गुंडाळला आणि विचारलं, नात कुठे आहे. बाहेर नवरा मुलीला घेऊन थांबला होता. मी आईला दाराकडे नेलं.